वेगाने धावणे कसे शिकवावे

प्राथमिक शाळांच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या म्हणजे खेडोपाडीच्या शाळांच्या पटांगणांवर सकाळ-संध्याकाळ मुले धावताना दिसू लागतात. पंधरा-वीस दिवस हा उत्साह टिकतो. या काळात पुष्कळ शाळांतून एकच क्रम चालतो. मुलांना मैदानाभोवती पाच-दहा फेऱ्या मारावयास लावावयाच्या, जी मुले पुढे राहतील त्यांची निवड करावयाची, आणि मागे पडणाऱ्यांना बघ्यांत बसवावयाचे. शिक्षकांचा हेतू यात चांगलाच असतो आणि कष्टही मनापासूनचे असतात. तथापि 50 किंवा 100 मीटरची शर्यत जिंकण्यास जे सामर्थ्य लागते ते या फेऱ्यांनी फारसे वाढत नाही. आणि ज्याला बघ्यांत बसविले ते मूल खरोखर मंद होते काय, हेही त्यावरून कळत नाही.

वेग हा उपजत असतो, तो शिकविता येत नाही, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. त्यात काही तथ्य आहे. स्नायूंच्या तंतूंची घडण, पायांची लांबी या गोष्टी मूल जन्मतःच घेऊन येते, आणि कोणत्याही मुलातून जगज्जेता धावपटू घडविता येत नाही. परंतु प्राथमिक शाळेचे ते कामही नव्हे. सर्वच मुलांचे अक्षर मोत्यासारखे होत नाही, म्हणून सुलेखनाचा तास कोणी बंद करीत नाही. कारण योग्य सरावाने प्रत्येकाचे अक्षर पूर्वीपेक्षा सुवाच्य होते. धावण्याचेही तसेच आहे. शास्त्रशुद्ध सराव मिळाल्यास वर्गातील बहुतेक प्रत्येक मूल आजच्यापेक्षा अधिक वेगाने धावू शकेल. हा सराव कसा असावा, त्याचाच विचार येथे केला आहे.

वेग आणि वेगवृद्धी

धावण्याच्या शर्यतीत दोन निरनिराळी कौशल्ये असतात. उभ्या स्थितीतून निघून वेग वाढवीत नेणे हे पहिले, व वाढलेला वेग टिकविणे हे दुसरे. पहिल्यास वेगवृद्धी म्हणावे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात तिलाच त्वरण म्हणतात. या दोहोंतील भेद एका प्रसिद्ध शर्यतीच्या आकड्यांवरून स्पष्ट होतो.

दिनांक 16 ऑगस्ट 2009 रोजी बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत जमैकाच्या उसेन बोल्ट या धावपटूने 100 मीटर अंतर 9.58 सेकंदांत कापले. या शर्यतीचे 20-20 मीटरचे पाच भाग करून मोजणी झाली आहे. पहिल्या 20 मीटरांस त्याला 2.89 सेकंद लागले, दुसऱ्या 20 मीटरांस 1.75, तिसऱ्यास 1.67, चौथ्यास 1.61 आणि शेवटच्या 20 मीटरांस 1.66 सेकंद लागले.

या आकड्यांपासून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, सर्वांत अधिक वेळ आरंभीच्या 20 मीटरांतच खर्च होतो, कारण तेथे शून्यापासून वेग मिळवावयाचा असतो. दुसरी ही की, सर्वोच्च वेग 60 ते 80 मीटरांच्या दरम्यान आला. म्हणजे जगातील सर्वांत वेगवान माणसालाही पूर्ण वेग गाठण्यास निम्म्याहून अधिक शर्यत लागली. तिसरी गोष्ट अशी की, शेवटच्या टप्प्यात त्याचाही वेग किंचित उतरला. शेवटी कोणी झपाट्याने पुढे येताना दिसतो, तेव्हा बहुधा त्याचा वेग वाढलेला नसतो. इतरांचा वेग त्याच्याहून अधिक उतरलेला असतो.

प्राथमिक शाळेतील मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांचा सर्वोच्च वेग मुळातच कमी असल्याने ती साधारणपणे 20 ते 30 मीटरांतच तो गाठतात. 50 मीटरांची शर्यत घेतली तर तिचा जवळजवळ अर्धा भाग वेगवृद्धीचाच असतो. यास्तव शाळेत शिकवावयाचा मुख्य पाठ म्हणजे पहिले 20 मीटर होय. त्याला शंभर मीटरांचा धावमार्ग लागत नाही. शाळेपुढील लहानसे अंगणही पुरते.

शरीर वेग कसे मिळविते

धावणारा मनुष्य पायाने जमीन मागे व खाली ढकलतो आणि जमीन त्याला तितक्याच जोराने पुढे व वर ढकलते. न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम तो हाच. आरंभी शरीर पुढे झुकलेले असले म्हणजे हा जोर अधिकांशाने मागच्या दिशेस लावता येतो. जसजसा वेग वाढतो तसतसे शरीर हळूहळू ताठ होत जाते. पुष्कळ मुले शिट्टी होताच एकदम उभी राहतात आणि लहान-लहान पावले टाकीत पळू लागतात. काही मुले याच्या उलट पहिल्याच पावलास लांब ढांग टाकतात. लांब ढांगेत पाऊल शरीराच्या फार पुढे पडते व ते गतिरोधकाचे काम करते. पाऊल शरीराच्या जवळजवळ खालीच पडले पाहिजे आणि ढांग मागच्या ढकलण्याने लांबली पाहिजे.

पूर्ण वेगात असलेल्या कसलेल्या धावपटूचे पाऊल एक दशांश सेकंदाहूनही कमी वेळ जमिनीस टेकलेले असते. इतक्या अल्प काळात योग्य स्नायू आवळणे व विरुद्ध बाजूचे स्नायू सैल सोडणे हे मज्जासंस्थेचे काम आहे. दहा-अकरा वर्षांच्या आतील मुलांत सरावाने जी प्रगती होते ती बहुतांशी या मेळामुळे होते, स्नायू फुगल्यामुळे नव्हे. म्हणून या वयात जड वजने उचलविण्याची किंवा टायर ओढविण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती अचूक व ताज्या दमाने केलेल्या पुनरावृत्तीची.

विश्रांती हा सरावाचाच भाग

येथेच फेऱ्यांच्या पद्धतीचा दोष लक्षात येतो. पूर्ण वेगाने धावताना स्नायू आपल्याजवळ साठविलेली तयार शक्ती वापरतात. हा साठा काही सेकंदांपुरताच असतो. तो संपला म्हणजे वेग उतरतो, आणि तो पुन्हा बराचसा भरून येण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. मुलांची दमछाक मोठ्यांपेक्षा लवकर भरून येते हे खरे. तरीही धाप लागलेल्या मुलास लगेच पुन्हा धावावयास लावले तर ते सावकाश धावते, आणि सावकाश धावण्याचाच त्याला सराव होतो. फेऱ्यांनी दम वाढतो. दम वाढणे चांगलेच आहे. पण तो निराळा गुण असून त्याचा तास निराळा ठेवावा.

सबब, वेगाच्या सरावाचा नियम असा : अंतर थोडे, प्रयत्न पूर्ण, विश्रांती भरपूर. जेव्हा मुलांचा वेग उतरू लागेल तेव्हा त्या दिवशीचा सराव थांबवावा. दमलेल्या मुलास 'आणखी एकदा' म्हणण्याचा मोह आवरणे हे या विषयातील शिक्षकाचे खरे कसब आहे.

शेकडो मुले आणि एकच शिक्षक असता ही विश्रांती कशी द्यावी, असा प्रश्न उद्भवेल. हिशेब केला असता असे दिसते की, मोठा वर्ग ही येथे अडचण नसून सोयच आहे. वर्गात 40 मुले आहेत व एका वेळी चौघे धावतात असे धरले तर दहा तुकड्या होतात. प्रत्येक तुकडीस उभे राहणे, धावणे व बाजूस होणे यासाठी 20 सेकंद दिले, तर पहिल्या तुकडीचा पुढचा क्रम तीन मिनिटांनी येतो. रांगेत उभे राहण्यातच आवश्यक ती विश्रांती मिळून जाते. उलट द्विशिक्षकी शाळेत बाराच मुले असतील तर त्यांच्या तीनच तुकड्या होतील व क्रम एका मिनिटात परत येईल. अशा ठिकाणी दोन धावांच्या मध्ये मुद्दाम थांबावे, किंवा धावून आलेल्या मुलांना आरंभरेषेपर्यंत रमतगमत चालत यावयास सांगावे.

एका तासिकेची आखणी

आठवड्यातून दोन वेळा, मध्ये किमान एक दिवस सोडून, 40 मिनिटांची एक तासिका या कामास पुरे आहे.

पहिली दहा मिनिटे अंग गरम करण्यास द्यावीत. हळू पळणे, गुडघे उंच उचलीत चालणे, टाचा मागे मारीत पळणे, पाय पुढे-मागे झुलविणे, एका पायावर व दोन्ही पायांवर हलक्या उड्या असा क्रम ठेवावा. थंड अंगाने एकदम जोरात धावविल्यास मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू दुखावण्याचा संभव असतो.

पुढील पाच मिनिटे ढबीकडे लक्ष द्यावे. हात कोपरात काटकोनाच्या सुमारास वाकलेले, मुठी सैल, हात छातीपुढे आडवे न जाता कमरेपासून हनुवटीकडे सरळ जाणारे, खांदे व चेहरा मोकळा. एका वेळी एकच सूचना द्यावी. ती अवयवाविषयी असण्यापेक्षा कृतीविषयी असलेली बरी. 'गुडघा इतका वाकव, घोटा असा ठेव' असे सांगितल्याने मूल गोंधळते. 'जमीन मागे ढकल' एवढे म्हटले की त्याचे शरीर आपोआप पुष्कळशा गोष्टी बरोबर करते.

त्यानंतर सुमारे पंधरा मिनिटे मुख्य सराव. तिसरी ते पाचवीच्या मुलांस 10 मीटरांच्या चार व 20 मीटरांच्या चार धावा पुष्कळ झाल्या. सहावी ते आठवीच्या मुलांस त्यांत 30 मीटरांच्या दोन धावा वाढवाव्यात. म्हणजे मोठ्या मुलांचे एकूण अंतर 180 मीटर होते. हे अंतर थोडे वाटेल; पण पूर्ण वेगाने कापलेले 180 मीटर हे रेंगाळत मारलेल्या दहा फेऱ्यांहून वेगास अधिक उपकारक असतात. आरंभाचे प्रकार बदलते ठेवावेत. एकदा उभ्याने, एकदा मांडी घालून बसलेल्या स्थितीतून, एकदा पालथे झोपून, एकदा पाठमोरे उभे राहून. पुढे झुकत जाऊन तोल जाऊ लागताच धावणे हा तर उत्तम प्रकार आहे; झुकाव म्हणजे काय, हे मुलांना त्यातून न सांगता समजते. शाळेजवळ सौम्य चढाची स्वच्छ वाट असेल तर त्यावर 15 मीटरांच्या दोन-तीन धावा घ्याव्यात. चढावर लांब ढांग टाकताच येत नाही व जोराने ढकलावेच लागते.

उरलेल्या वेळात एखादा खेळ घ्यावा व शेवटची दोन-तीन मिनिटे मुलांना सावकाश चालवून तास संपवावा.

पहिली व दुसरीच्या मुलांसाठी मात्र अशी आखणी नको. त्यांना खेळच पुरेत.

आपले खेळ हीच साधने

वेगवृद्धीच्या सरावासाठी परदेशांत नाना उपकरणे वापरली जातात. आपल्या खेड्यांतील मुले मात्र पिढ्यान्पिढ्या असे खेळ खेळत आली आहेत की, त्यांत हा सराव आपसूक होतो. खो-खोचे उदाहरण घ्यावे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसलेले असतात. खो मिळताच बसल्या जागेवरून उठून काही पावलांतच पूर्ण वेग गाठावा लागतो, आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. ऐकणे, उठणे, झुकणे व झेपावणे या चारही क्रिया त्यात एका श्वासात साधतात. एकाचा क्रम झाला की तो पुन्हा बसतो व विश्रांती घेतो. ताकदीने निघणे आणि मग थांबणे, हे या खेळाच्या नियमांतच गोवलेले आहे.

लंगडीने पाऊल, घोटा व पोटरी बळकट होतात. मात्र पाय आलटून-पालटून घ्यावयास लावावेत, नाही तर एकच बाजू तयार होते. आट्यापाट्यांत वेगाने निघणे, थबकणे व दिशा बदलणे येते. शिवाशिवीत चिमुकल्यांचाही वेग लागतो. सोप्या उड्या, दोरीवरच्या उड्या यांनी जमिनीवरून चटकन उसळण्याची सवय होते. शिक्षकाने हे खेळ 'मोकळा तास' म्हणून न सोडता सरावाचा भाग म्हणून घ्यावेत, व पटकन बाद होणारी मुले तासभर बसून राहणार नाहीत अशी योजना करावी. बाद झालेल्या मुलास दुसऱ्या डावात लगेच घेतले म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तोच सरावाला मुकत नाही.

मोजमाप

मोजमापाशिवाय प्रगती कळत नाही. फक्कीने शून्य, 20 व 30 मीटरांवर रेघा आखाव्यात. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचे दोन काळ घ्यावेत : थांबलेल्या स्थितीतून पहिले 20 मीटर, आणि त्याच धावेतील पुढचे 10 मीटर. पहिल्या आकड्यावरून वेगवृद्धी कळते व दुसऱ्यावरून गाठलेला वेग. दोन मुले 30 मीटरला बरोबर पोहोचली तरी एक सुरुवातीस मागे व दुसरे शेवटी मागे असू शकते. दोघांची उणीव निराळी आणि उपायही निराळा.

वेळ घेताना एक दक्षता बाळगावी. ध्वनी सेकंदास सुमारे 340 मीटर जातो. शिट्टी आरंभरेषेवर वाजली व घड्याळ 50 मीटरवर असले तर आवाज पोहोचण्यास सुमारे 0.15 सेकंद लागतात, म्हणजे घड्याळ तितके उशिरा सुरू होते. म्हणून शिट्टीबरोबरच रुमाल खाली आणावा व घड्याळ लावणाऱ्याने रुमालाकडे पाहावे. हा अंश क्षुल्लक समजू नये. 1984 साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक केवळ एक शतांश सेकंदाने हुकले होते.

मोबाईलवर बाजूने घेतलेली चित्रफीत सावकाश लावून दाखविल्यास पाऊल कोठे पडते, अंग केव्हा ताठ होते, हे मुलास स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. नोंदवहीत मात्र प्रत्येकाचा काळ त्याच्याच मागील काळाशी ताडून पाहावा. वर्गातील क्रमांक भिंतीवर लावू नयेत.

मागे पडणारे मूल

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एका वयोगटात धावणाऱ्या दोन मुलांत जवळजवळ एक वर्षाचे अंतर असू शकते. वयाची मर्यादा 1 जानेवारीपासून मोजली, तर जानेवारीत जन्मलेले व डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच रेषेवर उभे राहते. दहा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे आयुष्याचा अकरावा-बारावा हिस्सा. अनेक देशांत व अनेक खेळांत असे आढळून आले आहे की, निवडलेल्या मुलांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांचा भरणा अधिक असतो. गुण जन्ममहिन्याकडे पाहून येत नाहीत. निवड मात्र नकळत तसे करते.

त्यात वाढीच्या वेगाची भर पडते. मुलींची उंची साधारणपणे अकरा-बाराव्या वर्षी व मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. पण कोणाचे हे वर्ष लवकर येते, कोणाचे उशिरा. लवकर वाढलेला मुलगा सहावीत सर्वांच्या पुढे असतो, आणि उशिरा वाढणारा पुढे चार वर्षांनी त्याला गाठतो, जर तोपर्यंत तो धावत राहिला असेल तर. 'तू हळू आहेस' हा शेरा ऐकून त्याने पटांगण सोडले असेल, तर त्याच्यात काय होते हे कधीच कळणार नाही. जलद वाढीच्या काळात चांगले धावणारे मूलही काही महिने अवघडल्यासारखे धावते. लांबलेल्या हातापायांशी त्याचा मेळ बसावयाचा असतो. हे आळसाचे लक्षण नव्हे.

मुलींच्या बाबतीत आणखी जपावे लागते. पाचवी-सहावीनंतर त्या मैदानापासून दूर होऊ लागतात. धावण्यास सोयीचा पोशाख, स्वतंत्र रांग आणि टिंगल होऊ न देण्याची शिक्षकाची जरब एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पालकांशी बोलण्याचे कामही शिक्षकानेच करावे.

यास्तव स्पर्धेसाठी चार मुले निवडली तरी सरावातून कोणासही वगळू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल सांगितली आहे. ती सर्व मुलांसाठी आहे, निवडलेल्यांसाठी नाही.

काही खबरदारी

सरावापूर्वी मैदानातील खडे, काचा व सराटे वेचून काढावेत. अंतिम रेषेपुढे किमान दहा-पंधरा मीटर मोकळी जागा असावी. भिंतीपाशी शर्यत संपवू नये. उन्हाळ्यात सराव सकाळीच घ्यावा व पाणी जवळ ठेवावे. उपाशीपोटी आलेल्या मुलास धावावयास लावू नये. वाढीच्या वयात टाच दुखणे किंवा गुडघ्याच्या खालच्या उंचवट्यावर दुखणे या तक्रारी पुष्कळदा येतात. अशा मुलास विश्रांती द्यावी व दुखणे न थांबल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. धावताना छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे असे झाल्यास वैद्यकीय तपासणीपूर्वी त्याला पुन्हा धावू देऊ नये.

धावणे हे शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेस मनाई केलेली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, उशिरा आल्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारणारे मूल दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर आनंदाने धावेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

या कामास वेगळा निधी लागत नाही. एक शिट्टी, एक रुमाल, एक घड्याळ, थोडी फक्की आणि 30 मीटर सपाट जमीन एवढी सामग्री बहुतेक प्रत्येक शाळेजवळ आहे. स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी सुरू होणारा सराव शाळा उघडल्यापासून आठवड्यातून दोन तासिका चालू ठेवावा, आणि वर्षअखेर नोंदवहीत पाहावे. आज मागे राहिलेल्या मुलांपैकी कितीजणांचा काळ सुधारला, हीच त्या शाळेची खरी क्रीडाप्रगती समजावी.